पडदे अनेक, क्षण एक

नाटकात एखादा नट अडखळला तर सहनट त्याला सावरून घेतो. यंत्र अडखळले तर भरल्या प्रेक्षागृहासमोर ते उघडे पडते. रंगमंचावर अनेक पडद्यांवर एकाच वेळी चित्रे खेळवण्याचा इतिहास हा, आमच्या मते, चित्रे मोठी होत गेल्याचा इतिहास नव्हे. ती परस्परांशी पावलास पाऊल जुळवून कशी चालवावी, आणि पाऊल चुकलेच तर खेळ कसा तगवावा, या दोन चिंतांचा तो इतिहास होय. परमुलखात महाराष्ट्र मंडळाच्या उत्सवाची धुरा वाहणाऱ्या आमच्या वाचकांपुढे यंत्रांची दरपत्रके येऊन पडतात, तेव्हा या दोन चिंता त्यांच्याही होतात.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रे, एकाहून अधिक दीप आणि सोबत निवेदन व संगीत, असा तो थाट. तेथे मेळ राखणारे यंत्र नव्हते. दिव्यांपाशी उभ्या असलेल्या माणसांचे सरावलेले हातच तो राखीत. पुढे १९२७ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात आबेल गान्स यांचा ‘नेपोलियन’ प्रथम दाखवला गेला. त्याच्या शेवटच्या भागात तीन प्रक्षेपकांनी तीन पडदे एकत्र उजळले. १९५२ साली न्यूयॉर्क येथे अवतरलेल्या सिनेरामानेही तीनच प्रक्षेपक वापरले. तेथे एका पट्टीच्या काही चौकटी फाटल्या तर तितक्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत. क्षणभर अंधार पत्करला, पण मेळ मोडू दिला नाही. हा शहाणपणा आजही जुना झालेला नाही.

१९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या आल्फ्रेड राडोक व योसेफ स्वोबोदा यांनी ‘लातेर्ना मागिका’मध्ये चित्रपटासमोर जिवंत नट उभे केले. आता पडद्याला नटाची वाट पाहणे भाग पडले. १९५९ साली मॉस्कोत चार्ल्स व रे ईम्स यांनी सात भव्य पडद्यांवर सुमारे बारा मिनिटांत दोन हजारांहून अधिक चित्रे दाखवली. त्यानंतरच्या दशकांत ध्वनिफितीवरील संकेतांनी स्लाइडचे अनेक प्रक्षेपक एकसाथ चालवले जाऊ लागले. २००४ साली कोडॅकने असे प्रक्षेपक बनवणे थांबवले, तोवर संगणकाने ही जागा बरीचशी व्यापली होती.

संगणक आला, तरी चिंता त्याच राहिल्या. थोडे गणित करू. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट आणि सेकंदाला ६० चौकटी धरल्यास एका पडद्यासाठी दर सेकंदाला सुमारे ३७ कोटी बाइट लागतात. तीन पडद्यांसाठी ११२ कोटी. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५ कोटींच्या आसपास बाइट वाचते. म्हणून चित्र दाबून साठवावे लागते. एच २६४ सारख्या पद्धतीत बहुतेक चौकटी शेजारच्या चौकटींवर अवलंबून असतात. फाइल लहान राहते, पण नटाने दोन वाक्ये गाळली आणि चित्र एकदम पुढे न्यावे लागले, तर यंत्राला मागची चौकट शोधून तेथून उलगडा करावा लागतो. हॅपसारख्या पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र असते आणि ती उलगडण्याचे बरेचसे काम ग्राफिक्स कार्ड करते. फाइल मात्र मोठी होते व वेगवान डिस्क लागते. तेव्हा केवळ प्रोसेसरचा आकडा पाहून यंत्र निवडणे म्हणजे मांडवाचे खांब न पाहता झालर निवडण्यासारखे आहे.

तीन-चार पडदे एकाच ग्राफिक्स कार्डावर चालत असतील तर मेळ राखणे सोपे जाते. पण ते एक यंत्र बसले की सारे पडदे विझतात. अनेक यंत्रे घेतली तर धोका वाटला जातो. पण मग सर्वांच्या चौकटी एकाच क्षणी बदलाव्यात म्हणून समान संकेत आणि तो स्वीकारणारी कार्डे यांचा खर्च वाढतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे. प्रक्षेपकाची तार क्षणभर सुटली तर संगणक तो पडदा गेलाच असे समजून चित्रांची मांडणी बदलू शकतो. पडद्याची ओळख धरून ठेवणारे छोटे उपकरण यावर उपाय ठरते, आणि एकूण खर्चाच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते.

मंडळाचा पैसा वर्गणीतून येतो आणि उत्सवाची रात्र एकच असते. म्हणून थोडे कमी देखणे चित्र पत्करावे, पण तेच कार्यक्रम समांतर चालवणारे दुसरे यंत्र आणि क्षणात त्याच्याकडे वळवणारी कळ यांवरचा खर्च वाचवू नये; आणि खरेदीपूर्वी प्रत्यक्षातल्याच फाइली, तितक्याच पडद्यांवर, पूर्ण प्रयोगाहून अधिक वेळ चालवून पाहाव्यात. खरोलिकेच्या दिव्यांपाशी उभ्या असलेल्या माणसांनी तालमीवाचून खेळ लावला नसता. आपणही लावू नये.