एका छताखालचा ५००

आज पालघरला संगणकावर बोलतो म्हटल्यावर संयोजक जरा दचकलेच. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण मागच्या पावसाळ्यात आपल्या याच व्याख्यानांचं संकेतस्थळ चार दिवस बंद पडलं. उघडायला जावं तर पांढरं पान आणि त्यावर एकच ओळ: ५००, इंटर्नल सर्व्हर एरर. तिथे एका वक्त्यांचं भाषण होतं. ते गृहस्थ आता हयात नाहीत आणि त्या भाषणाची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. म्हणून मी त्या आकड्याच्या मागे लागलो.

वेबवर देवाणघेवाण कशी करायची याचे नियम, म्हणजे एचटीटीपी १.०, मे १९९६ मध्ये लेखी प्रसिद्ध झाले. त्यात हा आकडा आहे. ४०० च्या घरातले आकडे म्हणजे चूक मागणाऱ्याची, ५०० च्या घरातले म्हणजे देणाऱ्याची. पण नुसता ५०० एवढंच सांगतो, की आत काहीतरी बिघडलंय. आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. इथे धूर एकाच रंगाचा आणि आगी पन्नास प्रकारच्या! आतल्या फायलींचे पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्याला का दाखवायचे, म्हणून कारण झाकून ठेवलेलं असतं. ते सापडतं सर्व्हरच्या नोंदवहीत, एरर लॉगमध्ये.

बरं, पण 'देणारा' म्हणजे नक्की कोण? जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ आलं. मला कोणत्या नावाचं संकेतस्थळ हवंय, हे ब्राउझरनं प्रत्येक वेळी सांगायचं, असा त्यात दंडक झाला. त्याआधी साधारणपणे प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी पत्ता लागायचा. आता एकाच पत्त्यावर, एकाच यंत्रावर शेकडो बिऱ्हाडं राहू लागली. आपल्यासारख्या मंडळाला वर्षाच्या थोड्याशा वर्गणीत जागा मिळते ती यामुळे. यालाच शेअर्ड होस्टिंग म्हणतात.

यंत्र वाटून घेण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एक संगणक, अनेक वापरणारे. तिथे एकदा एक गंमत झाली. गंमत आपल्याला, त्यांची झोप उडाली असणार! लॉगिन करणाऱ्याला रोजची सूचना दिसायची, तिच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते, एक सूचनेच्या फाईलवर आणि दुसरा पासवर्डच्या. संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमची तात्पुरती फाईल मात्र एकाच ठरलेल्या नावाची, म्हणून अदलाबदल झाली. एका जागी एका वेळी एकच माणूस काम करील, हे गृहीत धरलेलं होतं.

म्हणजे एकत्र राहणं आधी, भिंती नंतर. तुम्ही बोईसर-तारापूरची माणसं, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत काही यंत्रणा सामाईक होत्या. २००५-०६ च्या सुधारणांमध्ये आणीबाणीचा वीजपुरवठा आणि भट्टी बंद असताना ती थंड ठेवण्याची यंत्रणा यांची भट्टीवार विभागणी केली गेली. एकीकडचा बिघाड दुसरीकडे जाऊ नये, यासाठी.

वेबवर अशी एक भिंत १९९७ मध्येच आली. त्याआधी सगळ्या भाडेकरूंचे प्रोग्रॅम सर्रास एकाच सामाईक नावानं चालत, त्यामुळे शेजाऱ्याच्या फायलींत डोकावणं अवघड नव्हतं. अपाची सर्व्हरच्या १.२ आवृत्तीत 'एसयू-एक्झेक' आलं: ज्याचा प्रोग्रॅम, त्याच्याच नावानं चालेल. शिवाय ही व्यवस्था आधी तपासते, की फाईल किंवा फोल्डर परक्या कुणाला बदलता येईल असं आहे का? असेल तर प्रोग्रॅम चालवायचाच नाही. बाहेर दिसतो ५००.

आता आमची हकीकत. कंपनीचं म्हणणं, दोष तुमच्या फायलींत आहे. आमच्या समितीचं म्हणणं, शेजाऱ्यांची गर्दी झालीय. माझा एक जुना विद्यार्थी तारापूर एमआयडीसीत संगणकाचं काम बघतो, तो रविवारी घरी आला. "सर, आधी भांडण बाजूला ठेवू," म्हणाला. त्यानं दुसऱ्या फोल्डरमध्ये एका ओळीचं चाचणीपान ठेवलं. ते उघडलं! मग 'एचटीअ‍ॅक्सेस' नावाची, आरंभी टिंब असल्यानं सहसा न दिसणारी फाईल असते, तिचं नाव तात्पुरतं बदलून पाहिलं. ५०० कायम. मला हसू आलं, कारण हे तर अन्वय-व्यतिरेक! कारण असेल तिथे कार्य असावं, काढलं की जावं. तीस वर्षं मी हे खडूनं फळ्यावर शिकवलं होतं.

मग त्यानं लॉग उघडला. शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की हे फोल्डर इतरांना लिहिण्याजोगं आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, मिळून ७. मालक, गट आणि बाकीचं जग, तिघांनाही ७ दिले की ७७७. आमच्यातल्याच कुणीतरी पूर्वी फोटो चढत नव्हते म्हणून कुठलासा सल्ला वाचून ७७७ करून ठेवलं होतं. (कुणी, ते मला ठाऊक आहे. ते आज पहिल्या रांगेत बसलेत.) जुन्या सर्व्हरवर ते वर्षानुवर्षं खपलं. कंपनीनं आम्हाला नव्या सर्व्हरवर हलवलं, तिथे भिंत होती, आणि आम्ही तिच्यावर आदळलो. चूक आमची होती, पण ती उघडी पडली त्यांच्या बदलामुळे.

गर्दीचा संशय मात्र अगदीच खुळा नव्हता. तसं असतं तर बहुधा ५०३ दिसला असता, किंवा काही ठिकाणी आपला वाटा संपल्याचं सांगणारा ५०८. आकडा नीट वाचला असता तर आमचे निदान दोन दिवस वाचले असते.

फोल्डरला ७५५, फायलींना ६४४ केलं आणि संकेतस्थळ उघडलं. मी सगळ्यात आधी ते भाषण उतरवून घेतलं. त्याची एक प्रत आता माझ्या कपाटात आहे, दुसरी त्या विद्यार्थ्याकडे बोईसरला.