ध्वनिमुद्रित कविवाणी : श्रवण आणि प्रामाण्य

टॉमस एडिसन याने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि लिखित साधनांच्या जोडीला ध्वनी हेही इतिहासाचे साधन झाले. गतकालीन कवीचा आवाज कानी पडला की श्रोता स्वाभाविकपणेच भारावून जातो. परंतु जे स्पष्ट ऐकू येते ते तितकेच विश्वसनीय असते काय, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम सोडविला पाहिजे.

रॉबर्ट ब्राउनिंग याचे मुद्रण ७ एप्रिल १८८९ रोजी लंडनमध्ये चित्रकार रुडॉल्फ लेमान याच्या घरी झाले. घेंटहून एक्सकडे दौडणाऱ्या घोडेस्वारांवरील स्वतःचीच कविता म्हणताना कवी काही ओळींनंतर अडखळला व शब्द आठवत नसल्याची त्याने कबुली दिली. काव्यवाचन म्हणून हे मुद्रण अपुरे होय. परंतु स्थळ, दिनांक आणि प्रसंग निश्चित असल्यामुळे पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कवी निवर्तला.

टेनिसनचे वाचन १८९० साली मुद्रित झाले. त्याची मेणाची नळकांडी पुढे खराब झाली. खरखरीतून शब्द कष्टाने उमगतात. तरीही दीर्घ स्वर लांबवीत मंत्रासारखे म्हणण्याची जी रीत तीत ऐकू येते, ती समकालीनांनी केलेल्या वर्णनांशी जुळते.

वॉल्ट व्हिटमनच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मुद्रणाची स्थिती नेमकी उलट आहे. ‘अमेरिका’ या १८८८ च्या कवितेतील चार ओळी त्यात बऱ्याच स्पष्ट ऐकू येतात. पण मूळ नळकांडे उपलब्ध नाही आणि हा आवाज कवीचाच की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. नळकांडे मूळ मुद्रणाहून वेगाने फिरविल्यास आवाजाची पट्टी चढते आणि स्वरांचे गुणही बदलतात. शिवाय त्या काळच्या यंत्रांवर उच्च कंपनसंख्येचे ध्वनी नीट उमटत नसल्यामुळे ‘स’सारखे ऊष्म वर्ण क्षीण होतात. यंत्राचा हा दोष कवीच्या उच्चारावर लादणे अर्थातच गैर ठरेल.

सारांश, हस्तलिखिताप्रमाणेच ध्वनिमुद्रणाचीही परंपरा तपासली पाहिजे. ब्राउनिंगची अडखळ आणि टेनिसनची खरखर यांवर जे अनुमान उभारता येते, ते व्हिटमनच्या नावावरील सुस्पष्ट ओळींवर उभारता येत नाही.