केबलचा काटकोन : हेविसाइडपासून कळमन्यापर्यंत

🧵 १/ नागपूरच्या पूर्वेकडील कळमना म्हणजे धान्य-मिरचीचा बाजार आणि रेल्वेचे रूळ. १९९१ च्या आखाती युद्धानंतर देशभर केबल टीव्ही पसरला. शहराच्या इतर वस्त्यांसारख्याच येथील गच्च्यांच्या कठड्यांवरूनही काळ्या केबली लोंबू लागल्या. कठडा आला की केबलचा काटकोन होई. इतिहास त्या काटकोनाचा आहे.

२/ १८८० साली ऑलिव्हर हेविसाइडने एका तारेभोवती नळीसारखा दुसरा वाहक ठेवण्याचे पेटंट घेतले. हेतू साधा होता : शेजारच्या तारांचा उपद्रव टाळणे. १९२९ मध्ये अमेरिकेच्या बेल दूरध्वनी व्यवस्थेतील एस्पेनशीड व ॲफेल यांनी हीच रचना रुंद कंप्रतापट्ट्यासाठी मांडली.

३/ या केबलचे सारे गणित दोन व्यासांच्या गुणोत्तरात आहे. बाहेरील वाहकाचा व्यास आतील तारेच्या सुमारे ३.६ पट असला, की हवा भरलेल्या केबलीत क्षय सर्वांत कमी होतो. तेव्हा तिचा संरोध सुमारे ७७ ओहम असतो. टीव्हीच्या केबलीचे ७५ ओहम याच्याच जवळचे.

४/ केबल तीव्र वाकवली, की आतील तार मध्य सोडते आणि जाळी चपटी होते. त्या जागी संरोध घटतो व लहर अंशतः मागे फिरते. वाटेत दुसरा दोष भेटला, की ती पुन्हा उलटून पडद्यावर उशिरा पोहोचते : मूळ चित्राच्या उजवीकडे फिकट सावली! (टोक उघडे सोडले तरी हेच होई, दोष एकट्या वळणाचा नव्हे.) ॲम्प्लिफायर क्षय भरून काढतो, पण सावलीलाही तितकेच मोठे करतो.

५/ ५० मेगाहर्ट्झला केबलीतील तरंगलांबी सुमारे ५ मीटर. तेथे दोन सेंटिमीटरचे वळण नगण्य. छत्रीकडून येणाऱ्या २१५० मेगाहर्ट्झला ती जेमतेम १२ सेंटिमीटर. तेथे तेच वळण बोचते.

६/ आणि नागपूरचा उन्हाळा! आतील फेसाळ पॉलिथिन ४५ अंशांत मऊ पडते. ताणलेली तार त्यातून हळूहळू सरकत जाते. जोडणीच्या दिवशी निर्दोष असलेले वळण पुढे बिघडते, ते यामुळे. म्हणूनच वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या साधारण दहापट ठेवावी असा संकेत आहे : ७ मिलिमीटरच्या केबलला ७ सेंटिमीटर.

७/ समुद्रातही हाच प्रश्न होता. १९५६ च्या अटलांटिकपार दूरध्वनी केबलीतले ॲम्प्लिफायर मुद्दाम लवचीक घडवले होते. जहाजावरील रहाटाला वळसा घालून ते खाली जायचे होते.

८/ ३१ मार्च २०१३ ही नागपूरच्या केबल डिजिटलीकरणाची मुदत. सावली गेली, संदेश फार बिघडला तर आता चित्राचे चौकोन होतात, नाहीतर पडदा कोरा.