सावता माळींच्या मळ्यातील मिरची

१/ संत सावता माळी (परंपरेनुसार १२५०–१२९५) हे सोलापूर जिल्ह्यातील अरणचे. त्यांच्या नावावरील सर्वांत प्रसिद्ध अभंगात लसूण, मिरची आणि कोथिंबीर विठ्ठलरूप होतात. या तिघांपैकी एकीने मात्र इतिहासापुढे पेच उभा केला आहे.

२/ लसूण आणि कोथिंबीर या भूमीत जुनी. लसणाची पाकळी लावावी, आधी पात खुडावी, मग गड्डा काढावा. धने रगडून वाफ्यात पेरावेत. सव्वा-दीड महिन्यात जुडी हाती येते.

३/ मिरची मूळची अमेरिकेतील. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये. पोर्तुगीजांमार्फत मिरची भारतात आली, तेव्हा सावतोबांच्या समाधीला दोन शतके उलटून गेली होती.

४/ मग येथे मिरची म्हणजे मिरी समजावी काय? शब्दाचे मूळ संस्कृत ‘मरिच’, म्हणजे मिरीच. परंतु मिरीचा वेल दमट मलबार-कोकणचा. अरणच्या कोरड्या माळावर तो रुजणारा नव्हे.

५/ अधिक संभाव्य उत्तर असे: अभंग कीर्तनांतून आणि वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला, आणि गाणाऱ्यांच्या परसात रुजलेले नवे रोप वाटेत ओळीतही रुजले. कदाचित ती रचनाच उत्तरकालीन असेल.

६/ म्हणून अभंग खोटा ठरत नाही. देवासाठी मळा सोडावा लागत नाही, हा त्याचा आशय. मिरची परक्या भूमीतून आली. वारकऱ्यांनी तिलाही त्याच मळ्यात जागा दिली.