माहिती सुरक्षेतील जोखीम : व्याख्या आणि हिशेब

‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने येतात. संगणकावरील माहितीच्या सुरक्षेचा विचार करताना मात्र त्यांत भेद केला जातो. माहितीला इजा पोहोचवू शकणारी कोणतीही गोष्ट, मग तो व्हायरस असो, नाराज कर्मचारी असो की पावसाचे पाणी, हा धोका होय. त्याला आत येऊ देणारी उणीव म्हणजे कच्चा दुवा. पावसाच्या बाबतीत गळके छप्पर, व्हायरसच्या बाबतीत वर्षानुवर्षे न बदललेला पासवर्ड. धोक्याने हा दुवा गाठण्याची शक्यता आणि तसे घडल्यास होणारे नुकसान यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. माहिती फुटणे, बिघडणे आणि गरजेच्या वेळी न मिळणे या तिन्ही गोष्टी नुकसानीत मोडतात.

शक्यता आणि नुकसान यांचा गुणाकार हे जोखमीचे सर्वांत प्रचलित सूत्र आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने १९७९ मध्ये संगणक केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत ‘वार्षिक अपेक्षित नुकसान’ ही कल्पना मांडली आणि ती आजही शिकवली जाते. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावातील एखादी पतसंस्था उदाहरणादाखल घेता येईल. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. सभासदांच्या नोंदी असलेल्या संगणकाचे व त्यातील माहितीचे मोल ५ लाख रुपये, व्हायरसने त्यातील ४० टक्के वाया जाणार आणि असा प्रसंग ४ वर्षांतून एकदा येणार, असे मानले तर एका वेळचे नुकसान २ लाख आणि वर्षाचे ५० हजार रुपये होते. रोज नोंदींची प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवण्याचा वार्षिक खर्च १२ हजार रुपये आणि त्यामुळे वाया जाणारा भाग १० टक्क्यांवर येत असेल, तर वर्षाचे अपेक्षित नुकसान १२,५०० रुपयांवर उतरते. खर्च वजा जाता संस्थेचे २५,५०० रुपये वाचतात. संचालक मंडळाला पटवून द्यायला एवढा हिशेब पुरतो.

या गुणाकारात एक मोठी फट आहे. दरवर्षी होणारे ५० हजारांचे नुकसान आणि हजार वर्षांतून एकदा होणारे ५ कोटींचे नुकसान यांचे उत्तर सारखेच, ५० हजार रुपये येते. पहिले नुकसान संस्था नफ्यातून भरून काढील. दुसरे ज्या दिवशी होईल त्या दिवशी छोट्या संस्थेला टाळे लागेल. सरासरी त्या दिवसाविषयी काहीच सांगत नाही.

असा दिवस पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर आला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून ११ ऑगस्ट २०१८ रोजी हल्लेखोरांनी बनावट कार्डांच्या साह्याने अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून रक्कम काढली. कार्डावरील मागणी मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपलीच बनावट यंत्रणा उभी केली होती. त्यामुळे मागणी बँकेच्या मूळ खातेव्यवस्थेपर्यंत पोहोचतच नव्हती. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले. एकूण फटका ९४ कोटी रुपयांहून अधिक होता. बँक मोठी असल्याने तगली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. पण ती पैसे काढणारी फळी होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता.

हिशेबाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी दिसतात. बँकेच्या स्वतःच्या मागील नोंदींवरून अशा घटनेची शक्यता काढली असती तर उत्तर जवळपास शून्य आले असते. आग किंवा पूर आकडेवारी वाचून येत नाही. हल्लेखोर मात्र कच्चा दुवा शोधूनच येतो, त्यामुळे त्याची शक्यता स्थिर राहत नाही. शिवाय एकेका एटीएमची जोखीम वेगवेगळी मोजून बेरीज करणे इथे निरर्थक होते, कारण सर्व यंत्रे एकाच दुव्यामुळे एकाच वेळी फसली.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये, बँक डिजिटल व्यवहारांत किती खोलवर उतरली आहे त्यानुसार, चार पातळ्या ठरवल्या. सहकार कायद्याखाली चालणाऱ्या पतसंस्था या चौकटीबाहेर राहतात. त्यांचा हिशेब त्यांनाच मांडावा लागतो.

रुपयांत मोजणे जमत नसेल तेथे शक्यता व नुकसान यांना १ ते ५ गुण देण्याची पद्धत आहे. ती सोपी, पण फसवी; शक्यता १ व नुकसान ५ आणि शक्यता ५ व नुकसान १ या दोहोंना सारखेच ५ गुण मिळतात, म्हणजे तीच फट पुन्हा उघडते. यावर उपाय म्हणून संस्थेला पेलणार नाही अशा नुकसानीची यादी गुणाकाराबाहेर, स्वतंत्र ठेवली जाते. त्यातील प्रत्येक बाबीसमोर जोखीम कमी करायची, विम्याने दुसऱ्यावर सोपवायची, ती सेवाच बंद करायची की जाणूनबुजून पत्करायची, हा निर्णय लिहिला जातो आणि त्याखाली तांत्रिक कर्मचाऱ्याची नव्हे, तर अध्यक्षांची सही घेतली जाते.