सिबिल स्कोअरची कुळकथा

सिबिल स्कोअर म्हणजे ३०० ते ९०० यांमधला तीन अंकी आकडा. घेतलेली कर्जे ठरल्या तारखेला फेडली का, याच्या नोंदींवरून तो काढतात. आकडा अलीकडचा असला, तरी कर्जाची नोंद कोणाच्या हाती असावी आणि ती ऋणकोला पाहता यावी का, हा प्रश्न जुना आहे.

दख्खनमध्ये तो १८७५ साली पेटला. शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत राही आणि भरलेल्या पैशांची पावती क्वचितच मिळे. कर्जवसुलीचा दावा ठरावीक मुदतीतच करता येईल, असे १८५९ च्या कायद्याने ठरल्यावर सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात धरून नवे खत लिहून घेऊ लागले. निरक्षर कूळ त्यावर निशाणी करी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून वह्या आणि खते बाहेर काढून जाळली. हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पावती आणि हिशेब देणे सावकारावर बंधनकारक केले.

अनेक धनकोंना एकाच ठिकाणी ऋणकोच्या पतविषयक माहिती मिळण्याची सोय अमेरिकेत वाढली. लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये न्यूयॉर्कला व्यापाऱ्यांची माहिती पुरवणारी संस्था काढली. तिच्या दप्तरात माणसाच्या चालचलणुकीचेही शेरे असत. बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने अशा शेऱ्यांच्या जागी संख्याशास्त्र आणले. त्यातूनच १९८९ मध्ये फायको स्कोअर आला.

भारतात सिबिल या पतमाहिती कंपनीची स्थापना मुंबईत २००० साली झाली. २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती मिळू लागली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि २००७ मध्ये स्कोअर आला. आज एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क याही कंपन्या हेच काम करतात. म्हणून एकाच माणसाचे चार वेगळे स्कोअर असू शकतात.

स्कोअरचे मूळ अहवालात असते. तिथे प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन दिसतात: हप्ता वेळेवर गेला तर ‘०००’, तीस दिवस थकला तर ‘०३०’. क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली आणि कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, हेही स्कोअर काढताना धरतात. पगार आणि बचत मात्र धरत नाहीत.

‘सिबिलमध्ये नाव आले’ म्हणजे काळ्या यादीत गेलो, हा समज चुकीचा आहे. वेळेवर फेडणाऱ्यांचीही नावे तिथे असतात. सिबिल सरकारी नाही आणि कर्ज नाकारतही नाही. तो निर्णय बँकेचा असतो. स्वतःचा स्कोअर पाहिल्याने तो घटत नाही. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेल्या कर्जावर तसा शेरा राहतो आणि नवे कर्ज मिळणे अवघड होते. जामीन राहिलेले कर्जही जामीनदाराच्या अहवालात दिसते.

नोंद पाहण्याचा हक्क आता कायद्याने मिळाला आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.