वर्धा खोऱ्यातील खुल्या खाणींचे उतार आणि त्यांची दुरुस्ती

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात कोळशाचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. ‘वर्धा खोऱ्यातील कोळसा’ हे नाव रूढ झाले, परंतु खाणी मुख्यतः जिल्ह्याबाहेर, आजच्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत उघडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग गेला, तो याच कोळशासाठी. वरोऱ्याची खाण भूमिगत होती. ती १९०६ मध्ये बंद पडली, आणि आग व खचणे ही त्यामागील प्रमुख कारणे होत. तेव्हा चिंता छताची होती. उघड्या कड्याचा प्रश्न पुढील काळाचा होय.

१९७३ मधील राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाल्यावर या खोऱ्यात खुल्या खाणींना जोर चढला. त्यांच्यावर लागू होणारे नियम मात्र १९५७ चे होते. मुरूम, चिकणमाती अशा भुसभुशीत जमिनीत उतार ४५ अंशांपेक्षा अधिक नसावा, किंवा दीड मीटरहून उंच नसलेल्या पायऱ्या पाडाव्यात. काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांपलीकडे जाऊ नये, अशी त्यांतील बंधने होत. ही सर्व मापे दर्शनी बाजूची आहेत. पायाखाली काय आहे, हे ती विचारीत नाहीत, आणि येथील पाया तर फसवा आहे. काळी कापसाची जमीन भिजली की फुगते व निसरडी होते. तिच्याखालील गोंडवन खडकांतही वालुकाश्मांमध्ये चिकणमातीचे पट्टे आढळतात. अशा जमिनीवर ढीग रचला, तर तो नियमात बसूनही पायथ्यातून सरकू शकतो. पाऊस मातीचे वजन वाढवितो हे खरे, परंतु खरा घात कणांमधील पाण्याच्या दाबाने होतो. तो घर्षणाचा आधारच काढून घेतो.

२४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कवडी खुल्या खाणीत उतार कोसळून दहा जण मृत्युमुखी पडले. ४ जून २००९ रोजी सास्ती येथे मातीचा ढिगारा घसरला. दोन्ही तारखा जूनच्या आहेत. दोन घटनांवरून सिद्धान्त मांडणे धाडसाचे ठरेल, तरी पाण्याचे कारण तपासणाऱ्याने हा महिना नजरेआड करू नये.

कोसळलेला उतार दुरुस्त करताना सर्वांत मोठी चूक म्हणजे खाली आलेली माती घाईने उचलणे. ही सांडलेली माती कुरूप दिसली तरी उरलेल्या कड्याला तीच टेकू देत असते. ती हलविली की वरचा भाग पुन्हा निघतो. म्हणून प्रथम माथ्यावरील भार उतरवितात व भेगा मातीने बुजवून पाणी आत शिरू देत नाहीत. माथ्यामागून चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळवितात. पायथ्याशी निचरा होणाऱ्या दगडाचा बांध घालतात. येथे माती वापरल्यास पाणी कोंडते व बांध निरुपयोगी ठरतो. नवा ढीग रचण्यापूर्वी तळची काळी माती खरवडून काढणे हा उपाय सर्वांत साधा, आणि बहुधा म्हणूनच उपेक्षित. भूजलाची पातळी व कड्याची हालचाल मोजणे हे काम पुढे चालूच ठेवावे लागते.

या सर्वांत अडचण येते ती खर्चाची. साठ मीटर खोल कड्याचा एकूण उतार ४५ अंशांवरून ३७.५ अंशांवर आणावयाचा, तर कड्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ५४५ घनमीटर जादा माती काढावी लागते, आणि तीतून कोळसा मिळत नाही. उतार तीव्र राहतात ते अज्ञानामुळेच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी खुल्या खाणींच्या उतारांचा शास्त्रीय अभ्यास मागितला, आणि ठरीव मापांच्या जोडीला त्या त्या जमिनीची परीक्षा आली. कवडीच्या दुर्घटनेनंतर तोवर सतरा वर्षे लोटली होती.